यशवंतपूरचा वाचक

हेमलताअक्कांनी राजीनामा उमाकांतअण्णांच्या टेबलावर ठेवला. अण्णा राजाजीनगरच्या मराठी लेखक मंडळाचे चिटणीस होते.

"वीस वर्षं झाली अण्णा. मंडळानं माझ्यासाठी केलं काय? एका अंकानं माझी कथा दुसऱ्याच बाईच्या नावानं छापली. तुम्ही निषेधाचा ठराव केलात आणि आपल्याच फळ्यावर लावलात."

"एकमतानं केला होता," अण्णा म्हणाले.

"तुमच्या मंडळापेक्षा माझा एकटा वाचक बरा."

तो वाचक म्हणजे यशवंतपूरचे कृष्णाजी. गेली सहा वर्षं अक्कांची कथा कुठंही छापून आली, की आठवड्याभरात त्यांचं पोस्टकार्ड येई. नुसतं कौतुक नसे. 'शेवटी मावशी उगाच रडते,' असंही ते स्पष्ट लिहीत. अक्कांनी दुसरा कथासंग्रह त्यांच्याच भरवशावर पुरा केला होता. भेटायला येते म्हटलं, की मात्र उत्तर येई, 'वाचकानं स्वल्प लांबच असावं.'

अण्णांनी राजीनामा दोनदा वाचला. "सरी, ठीक आहे," एवढंच म्हणून शिक्का मारला.

पुढच्या महिन्यात अक्कांची नवी कथा आली. पोस्टकार्ड आलं नाही. आणखी एक कथा आली, तरी नाही. अक्का पोस्टमनला फाटकातच गाठू लागल्या. माणूस वयस्क असणार, कदाचित एकटा. आजारी तर नसेल? हातातली कथा अर्ध्यावरच राहिली. कुणासाठी लिहायची तेच कळेना.

शेवटी एका सकाळी डब्यात मऊ भात आणि लिंबाचं लोणचं घेऊन त्या ऑटोत बसल्या. पत्ता कार्डांवर होताच. घाऊक बाजारामागची गल्ली, दुसरा मजला. जिना चढताना त्यांनी मनाची तयारी केली. घरात फोटोला हार दिसला तर रडायचं नाही.

दार उमाकांतअण्णांनी उघडलं.

अण्णा कायम मंडळातच भेटत. ते राहतात कुठं हे अक्कांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या बोटांना शाई लागली होती. मागच्या टेबलावर सभासदांच्या कथांचे अंक उघडे पडले होते. शेजारी कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा होता.

"कृष्णाजी बरे आहेत ना?" अक्कांनी हळूच विचारलं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"बरे आहेत. पण अक्का, ते फक्त सभासदांनाच लिहितात."