राळ नको

“फटींत कापूस ठासून भर आणि वरनं राळ दे. तुझ्या होडीला देतोस तशी,” खाटेवर पडल्या पडल्या आवडाबाईनं बजावलं. “माझ्या पेटीत थेंबभर पाणी येता कामा न्हाय.”

पडवीत फळीला रंधा मारत बसलेल्या येसाजी सुतारानं मान वर केली नाही. थळच्या बंदरावर होड्या करण्यात त्याचा जन्म गेला होता. पण जित्या माणसानं आपल्या मरणाची पेटी सुताराला समोर बसवून करून घ्यावी, हे तो पहिल्यांदाच बघत होता. आवडाबाईपुढे बोलायची कुणाची छाती? आठ दिवस तापानं फणफणली होती, उठून बसायची ताकद नव्हती. जीभ तेवढी ठणठणीत होती.

तिची सून मैना पेजेची वाटी घेऊन आली नि तशीच उभी राहिली. “आत्याबाय, दोन घोट घ्या. बरं व्हायचं सोडून हे काय मांडलंय?”

“पेज राहू दे. आधी हे होऊ दे.”

खरं सांगायचं तर म्हातारी भ्यायली होती. पार हादरली होती. चाळीस वर्षं प्रार्थनेला पुढच्या चटईवर बसून खणखणीत गाणी म्हणणारी बाई मरणाला भ्यायली, हे सांगायचं कुणाला? पण गेल्या श्रावणात ख्रिस्ती वाडीतला हिरामण गेला, तेव्हा तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुरायची जागा खाडीलगतची. खणतानाच खड्ड्यात कमरेइतकं पाणी भरलं. पेटी खाली सोडली, तर ती तरंगायला लागली. चौघांनी बांबूनं दाबून धरली, वर धोंडे टाकले, तेव्हा कुठे बिचारा हिरामण खाली गेला. तेव्हापासून आवडाबाईची झोप उडाली होती. डोळा लागला की नाकातोंडात पाणी. उन्हाळ्यात मरण दे, एवढंच ती देवाकडे मागे. आणि आता भर आषाढात हा ताप.

“येसाजी, ऐकतोस ना? राळ जाड दे.”

येसाजीनं रंधा बाजूला ठेवला. “काकी, आता लपवून काय करू? हिरामणाची पेटी मीच केली होती.”

“म्हाईत हाय.”

“पुढचं म्हाईत न्हाय तुला. जन्मभर होड्या केल्या, हाताला दुसरं वळणच न्हाय. त्या पेटीच्या फटींत मी कापूस ठासला नि राळ दिली. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी आत शिरलं न्हाय, मग ती तरंगंल न्हाय तर काय करंल? होडीच केली मी त्याची!”

हसावं की रडावं, मैनेला कळेना.

“मंग?” आवडाबाईचा आवाज बारीक झाला.

“मंग राळ नको. बुडाला चार भोकं पाडू. पाणी आत आलं की पेटी मुकाट तळाशी बसते. बांबू नको, धोंडे नको.”

“पाणी आत येणार?”

“येणारच.”

तिनं गोधडी दोन्ही मुठींत गच्च धरली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. येसाजीला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की तो चेष्टा करी.

“पाण्याला कधीपासनं भ्यायला लागलीस गं? प्लेगच्या आधी त्या गोऱ्या पादऱ्यानं तुला याच खाडीत उभी करून पुरती बुडवली होती. आम्ही पोरं बांधावर. एकच बोंब मारली आम्ही, मेली, मेली! आणि तू आपली हसत वर आलीस. केसांतनं पाणी गळतंय नि हसतेय. मला वाटलं, बाई खुळी झाली.”

पाणी कानांवरून गेलं तशी बांधावरची बोंबाबोंब ऐकू येईनाशी झाली होती, ते आवडाबाईला आठवलं. पादरीसाहेबांचा एक हात मानेखाली होता, दुसऱ्यानं मनगट धरलं होतं. बुडवायच्या आधी ते म्हणाले होते, “आवडा, हे तुझं मरण, हे तुझं पुरणं. आता येशूसंगं वर ये.” येशूसंगं मरायचं नि शेवटल्या दिवशी त्याच्यासंगं थडग्यातून उठायचं, बाप्तिस्म्याचा हा अर्थ तिनं पुढं वाडीतल्या कितीक पोरींना शिकवला, घोकून घेतला. आणि स्वतःच विसरून बसली! मरून तर झालं होतं तिचं. याच खाडीत, याच पाण्यात. आणि धरणाऱ्यानं हात सोडला नव्हता.

तिला एकदम हसू आलं. हसता हसता ठसका लागला, डोळे वाहायला लागले. मैना घाबरून तिची पाठ चोळू लागली.

“काय होतंय आत्याबाय?”

“काय न्हाय गं बाय. छातीवरचा धोंडा उतरला. आण ती पेज. मीठ घातलंयस ना?”

वाटी तिनं तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. तोवर येसाजी गिरमीट घेऊन बुडाच्या फळीवर वाकला होता.

“चार न्हाय, सहा पाड,” ती म्हणाली. “आणि हे बघ, झाकणाला लई खिळे मारू नकोस.”

“का गं?”

“उठायचं हाय मला.”

झाकणासाठी वेगळे काढलेले खिळे येसाजीनं हातात घेतले, आणि त्यातले निम्मे गुपचूप थैलीत परत टाकले.