ओळख पटल्याची सही

"मिशी ठेवू का काढू, एकदाचं सांगा," गौतम पेंटर म्हणाला. "तिसऱ्यांदा रंगवून राहिलो. एवढ्यात दहा ट्रक रंगवून झाले असते."

टेबलावर तीन चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. तिन्ही हरिदासजी बोरकरांची. एकात झुपकेदार मिशी, दुसऱ्यात बारीक, तिसऱ्यात मिशीच नाही. आणि तिन्ही चेहरे तीन वेगळ्या माणसांचे.

चारुदत्तांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रायपूर नव्या राज्याची राजधानी झाली आणि सरकारच्या संस्कृती विभागानं जुन्या लोकनेत्यांचा चरित्रसंग्रह काढायचं ठरवलं. चाळीस चरित्रं चारुदत्तांनी लिहिली. एकोणचाळीस छापखान्यात गेली. अडलं ते हरिदासजींचं, आणि नेमकं तेच आपल्याला थोडंफार जमलंय असं त्यांना वाटत होतं. हरिदासजींना फोटोचा तिटकारा. विधानसभेच्या एकुलत्या एका सामूहिक फोटोवर बुरशी चढली ती नेमकी त्यांच्या तोंडावर. आणि विभागाचा नियम असा, की चित्राशिवाय चरित्र नाही, आणि घरच्या माणसानं 'चेहरा ओळखला' या कागदावर सही केल्याशिवाय चित्र नाही. पाचला शेवटची पानं जायची होती. साडेचार वाजले होते.

हरिदासजींना पाहिलेलं घरचं माणूस एकच उरलं होतं. त्यांची सून, अंजनाबाई, सत्तरीच्या. तासाभरापासून त्या खुर्चीत बसून होत्या आणि प्रत्येक चित्राकडे बघून नुसतं "असतीन" म्हणत होत्या.

"आजी, कोई भी एक बोल दो ना," नात रूपाली वैतागून म्हणाली. "मुझे बैंक वापस जाना है।"

"काहून बोलू? खोटी सही करू काय?"

चारुदत्तांचाही धीर सुटला. आपला आवाज इतका चढू शकतो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "बाई, सहा वर्षं एका घरात होत्या तुम्ही! मुलींच्या शाळेसाठी विधानसभेत भांडलेला माणूस. त्याचं तोंड आठवत नाही तुम्हाला?"

"आठवाले आधी पाह्यलं पायजे ना, भाऊ." अंजनाबाई शांतपणे म्हणाल्या. "मामाजीसमोर मान वर करून कोण पाहे? रागीट नव्हते, देवमाणूस होते. पण मी पडली सून. तवा राजधानी नागपूर होती. तेथच्या विधानसभेतून आले का दारात त्याईच्या पायावर पाणी घालत होती मी. पाय इचारा."

चारुदत्तांनी हातातल्या चरित्राकडे पाहिलं. पहिलीच ओळ होती, 'करारी मुद्रा आणि भेदक नजर.' बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही आपण हीच मुद्रा देऊन टाकली आहे, हे त्यांना आत्ता आठवलं.

गौतमनं कपाळावर हात मारला. मग बिनमिशीचं चित्र उलटं केलं आणि पाठीवर कोळसा टेकवला. "सांगा."

"डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब. अजून लांब. करंगळीले नख नाही. अंगठ्याच्या बाजूले चपलेचा घट्टा. हव, असाच."

कोळसा थांबला.

अंजनाबाई क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी पदर कपाळावर ओढला, खुर्ची मागं सारली आणि उठून उभ्या राहिल्या.

"आजी, उठ क्यों गई? बैठ के साइन करो ना."

"बसू?" त्या हळूच म्हणाल्या. "त्याईच्या समोर?"

विभाग हे छापणार नाही, हे चारुदत्तांना ठाऊक होतं. तरी त्यांनी कागदावरच्या छापील 'चेहरा' शब्दावर रेघ मारली, वर 'पाय' लिहिलं आणि कागद पुढं केला.

अंजनाबाईंनी उभ्यानंच सही केली. मान खाली घालून.