बाविसावी खरपुडी

जीवराम सरांनी कागदावरच्या वंशवृक्षाच्या फांद्या पेन्सिलीच्या टोकाने मोजल्या. मग उलट्या बाजूने मोजल्या.

"एकवीस," ते म्हणाले.

समोर त्यांची जुनी विद्यार्थिनी तबस्सुम बसली होती. ती सकाळच्या एसटीने जळगावहून धुळ्याला त्यांच्या घरी आली होती. सातपुडा आणि सह्याद्रीतल्या खरपुडीच्या वेलींच्या जातींपैकी कोण कोणाच्या किती जवळची, हे ती तीन वर्षं त्यांच्या हरितलवकातल्या डीएनएवरून शोधत होती. शोधनिबंध आज पाठवायचा होता. पानं सरांनी गोळा केलेली, म्हणून निबंधावर दुसरं नाव त्यांचं होतं. त्यांची सही लागणार होती.

"मी बावीस पाकिटं दिली होती."

"एक नमुना खराब निघाला, सर. बुरशी होती."

"कोणता?"

तबस्सुमने नजर पिशवीकडे वळवली. नोकरीच्या चौतीस वर्षांत सरांनी एकच नवी वनस्पती शोधली होती. यावलच्या डोंगरातली, अरुंद पानांची, कंदिलासारख्या फुलाची खरपुडी. तिला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं. शास्त्रीय नाव, सेरोपेजिया वच्छली. कागदावर तीच नव्हती.

"पाकिटांत सिलिकाचे दाणे मी भरले होते," सर म्हणाले. "ओल लागली की ते गुलाबी होतात. तुला दिले तेव्हा निळे होते. बुरशी कुठून आली?"

तबस्सुमने पिशवीत हात घातला आणि दुसरा कागद काढून टेबलावर ठेवला. या कागदावर बावीस फांद्या होत्या. वच्छली आणि गावोगावच्या माळावर उगवणारी साधी खरपुडी शेजारीशेजारी होत्या. दोघींच्या मध्ये जिथे रेघ हवी, तिथे काहीच नव्हतं.

"किती फरक?"

"शून्य."

"वाचलंस किती?"

"सगळं हरितलवक. डीएनएची दीड लाखाच्या वर अक्षरं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पण सर, हरितलवक या झाडांत आईकडूनच येतं," तबस्सुम घाईने म्हणाली. "हे फक्त आईकडचं नातं झालं. बापाकडून ती वेगळी असू शकते. तसं एक वाक्य टाकते मी. प्रश्न खुला राहील. कोणी हरकत घेणार नाही."

"बाकीच्या एकवीस जणींना दिलीस ही सवलत?"

"नाही."

"मग हिलाच का? सरांच्या घरची म्हणून?"

ती बावीस फांद्यांच्या कागदाची मुडपलेली कड सरळ करू लागली.

"हिचं पान अरुंद, एवढ्यावर मी ती वेगळी काढली होती. तुला कंदही दिला होता. लावलास?"

"लावला."

"मग?"

"कॉलेजच्या मागच्या सावलीत कुंडी ठेवली, सर. पान रुंद आलं, साध्या खरपुडीसारखं."

"हे तू मला आधी सांगायला हवं होतंस. डीएनएच्याही आधी."

"तीनदा फोन लावला होता. तिन्ही वेळा तुम्ही आधी वच्छली कशी आहे ते विचारलं."

सरांनी एकवीस फांद्यांचा कागद घडी करून बाजूला सारला. बावीस फांद्यांच्या कागदावर बोट ठेवलं. "हा पाठव. जे निघालं ते साध्या शब्दांत लिही. पानाचंही लिही." संमतीपत्रावर त्यांनी सही केली, तारीख घातली.

मग ते उठले. कपाटातून जाड पुठ्ठा काढला. त्यावर चिकटवलेली वाळकी वेल होती, आणि कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरातलं जुनं लेबल. वनस्पतींच्या पुठ्ठ्यावरचं लेबल चुकीचं ठरलं तरी कोणी फाडत नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावतात. सरांनी चिठ्ठीवर साध्या खरपुडीचं शास्त्रीय नाव लिहिलं, खाली स्वतःचं. गोंदाच्या बाटलीचं झाकण उघडलं.

"मी लावते, सर."

"नको. चूक माझी आहे."

वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. तबस्सुमच्या हातात कप देताना त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

"काय व्हयनं वं माय? गुरुजी वरडनात का तुले?"

"नाही काकू."

"तुझं नाव गेलं," सर म्हणाले. ते बायकोशीही वर्गातल्या मराठीतच बोलत. "झाडावरचं. माझं झाड नवं नव्हतंच. त्याला आधीपासून नाव होतं, दोनशे वर्षांपूर्वीचं."

"मंग?"

"एकाच झाडाला दोन नावं निघाली, तर आधीचं टिकतं. नंतरचं त्याच्याखाली, बारीक अक्षरात."

"आधीनंच टिकस?"

"हो. जगभर हाच नियम आहे."

वच्छलाबाईंनी त्यांचा कप पुठ्ठ्यापासून लांब ठेवला. पदराने टेबलावर सांडलेला गोंदाचा थेंब टिपला.

"मंग मी शेवंता," त्या म्हणाल्या.

तबस्सुमने वर पाहिलं.

"माहेरनं नाव. वीस वरीस व्हतं मन्हाजोडे. लगीनमा यास्नी ताटमा तांदूय पसारात, अंगठीघाई वच्छला लिखं, नि व्हयनू मी वच्छला." त्या हसल्या. "तवय कोनी शेजारी चिठ्ठी लावी नई."

त्या रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. तबस्सुम कागद आवरायला लागली. सर गोंदाच्या बाटलीचं झाकण लावत होते. ते आट्यांवर तिरकं बसलं. त्यांनी काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा तिरकं बसलं.