लाल रेघ

पूर्वजांच्या थडग्यांपाशी रिवाजाप्रमाणे बूट काढून मंत्री किनाऱ्यावरच्या मोजखांबाकडे गेले. समुद्र खांबावरच्या लाल रेघेला टेकला, की या गावाला मोठ्या बेटावर जमीन द्यायची, असं त्यांच्याच सरकारचं वचन होतं. रोज पाण्याची नोंद ठेवणाऱ्या लोसामावशींनी कालच लिहिलं होतं, 'टेकला.'

मंत्र्यांनी रेघ पुसून हातभर वर नवी काढायला लावली.

"बघा मावशी, आपला देश काही बुडत नाही!"

"वा साहेब! रेघ उचललीत, तसं आता माझं घरही उचला हातभर."

मंत्री फोटोसाठी हसत राहिले. तेवढ्यात भरतीच्या पाण्याने थडग्यांजवळचे बूट अलगद उचलून नेले.

मावशींनी वही उघडून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आजची पातळी : मंत्र्यांचे बूट वाहून जातील एवढी.'