राजाचा डोळा

चित्रात आता फक्त राजाचे डोळे राहिले होते. अब्रेहेतने रंगाची वाटी जवळ ओढली, तेव्हा तिला राजाच्या पलंगाखाली ताजी काळी अक्षरं दिसली. तेक्लाई. तिच्या नवऱ्याचं नाव. शेजारी दुसरं नाव नव्हतं.

इथिओपियातल्या आक्सूमच्या त्या खोलीत चाळीस वर्षं असंच चाललं होतं. रेघा त्याच्या, रंग आणि डोळे तिचे. डोळे त्याला कधी जमलेच नाहीत. या खेपेला मात्र मरियमची शपथ घेऊन तो म्हणाला होता, खाली दोघांची नावं लिहीन.

"शपथ घेतली होतीत तुम्ही."

खांद्यावरची पांढरी शाल सारखी करत तेक्लाई हसला. "घेतली होती. पण याच चित्रावर लिहीन, असं म्हणालो होतो का? राणीसारखीच शब्दात सापडलीस बघ!"

चित्रातली राणी माकेदा घागरीकडे हात नेत होती. न विचारता माझ्या घरातलं काही घ्यायचं नाही, असं राजाने तिच्याकडून शपथेवर वदवून घेतलं होतं, आणि मग जेवायला सगळं तिखटजाळ वाढलं होतं. आता तो पलंगावर जागा होता. ती घोट कधी घेते आणि शपथेत कधी सापडते, याची वाट पाहत.

"पाणीच तर प्यायली बिचारी," अब्रेहेत म्हणाली.

"आटप आता. चित्र न्यायला किदाने येतोय. बिनडोळ्यांचा राजा देऊ का त्याला?"

तो कॉफी सांगायला शेजारी गेला. अब्रेहेतने राजाचा सगळा चेहरा पुन्हा पिवळ्याने भरून काढला. तो वाळेपर्यंत ती नुसती बसून राहिली. मग बारीक कुंचला घेतला.

किदानेला चित्र त्याच्या नव्या अतिथिगृहात लावायचं होतं. आल्या आल्या तो वाकून पाहू लागला आणि तसाच थबकला.

"वहिनी, राजा एका अंगाने? एकच डोळा? असा तर आपल्यात येशूला दगा देणारा यहूदा काढतात. नाहीतर सैतान."

तेक्लाई धावत पुढे आला. "काय केलंस हे! दुसरा डोळा कुठाय?"

अब्रेहेतने कुंचला फडक्याला पुसला.

"मला काय विचारता, किदानेभाऊ? ज्याने काढलंय त्याचं नाव खाली आहे की."