विशेष वकिलाची हकालपट्टी
ऑस्ट्रेलियातल्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या घरी, स्वयंपाकघरात पुण्याहून आलेल्या निवृत्त न्यायाधीश आजोबांनी लाटणं आपटून खटला सुरू केला. बाकरवडीचा अख्खा पुडा खाल्ल्याचा आरोप बंड्या कुत्र्यावर होता. दोषी ठरला तर आई त्याला प्राण्यांच्या शेल्टरमध्ये परत सोडणार होती. आजोबांनी विशेष सरकारी वकील म्हणून नेमलं ते बंड्याच्या छोट्या मालकिणीलाच, तनयाला. तिने मुसमुसत रिकामा पुडा उचलला. तो दोऱ्याने परत नीट बांधलेला होता, वर कोर्टाच्या फायलीची दुहेरी गाठ. “माय लॉर्ड, अशी नॉट फक्त तुम्ही बांधता, मेट!” “विशेष वकिलांना तत्काळ हटवण्यात येत आहे!” आजोबा गरजले. “अहो, नेमणं-काढणं सरकारचं काम,” आजी म्हणाली. “इथलं सरकार मी.” तिने आजोबांची बदली भांडी घासायला केली आणि खुर्चीत बंड्याला बसवलं. नव्या न्यायाधीशांनी लाटणं तोंडात धरून स्वतःला निर्दोष सोडलं.