वर्षाराणीची फ्लॉपी

भूकंपात लातूरच्या सौदामिनीबाईंच्या शिकवणीतला कॉम्प्युटर टेबलावरून पडला, आणि तेव्हापासून त्याला एकही जुनी फ्लॉपी वाचता येईना. वर्षभरानं ड्राइव्हचं सरकलेलं हेड, म्हणजे फ्लॉपी वाचणारा-लिहिणारा भाग, जागेवर बसवायला नांदेडहून बजरंग आला.

बाहेर साखराबाई बसली होती. बाईंकडे शिकणाऱ्या, भूकंपात गेलेल्या लेकीचं, वर्षाराणीचं, काही लिहिलेलं सापडावं, एवढीच तिची आस.

बाईंनी भूकंपापासून कुलपात असलेली वर्षाराणीची फ्लॉपी काढून दिली. स्क्रूला हात लावण्याआधी बजरंगनं ती सहज घालून पाहिली. ती चटकन उघडली.

"बाई, सरकलेलं हेड फक्त स्वतःचंच लिहिलेलं वाचतंय. हे भूकंपानंतरचं हाय."

"चेष्टा करून राहिलास का रे? तूच भरलं असशील."

"मी तर आत्ता आलो!"

पडद्यावर पाच गणितं होती. बाईंनी ती कालच वर्गाला घातली होती. चार सुटलेली, पाचवं अर्धवट.

"काही निघालं का वो, बाई?" साखराबाई दारात आली.

"हेड बसवू?" बजरंग कुजबुजला. "मग हे वाचता न्हाई यायचं."

बाईंनी संशयानं त्याचे दोन्ही हात कीबोर्डपासून दूर घट्ट धरून ठेवले.

ड्राइव्हचा लाल दिवा लागला, आणि पाचव्या गणिताची पुढची ओळ उमटली.